शिकत राहा, संपवू नका

नोकरी सांभाळून ऑनलाइन कोर्स करायचं मनात आलंय? उत्तम. आधी मुहूर्ताचं बघू. कोर्स दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत घेऊ नये. ज्या दिवशी साहेबांनी मीटिंगमध्ये तुमच्या कामाचं श्रेय दुसऱ्याला दिलं असेल, त्या रात्री साडेअकरानंतर घ्यावा. त्या वेळी 3,499 चा कोर्स 449 ला मिळत असतो आणि शेजारी 'ऑफर संपायला पाच तास' असं घड्याळ पळत असतं. ते उद्याही पाचच तास दाखवेल, पण तिकडे लक्ष द्यायचं नाही. पैसे भरले की छान झोप लागते, आणि या गोळीला डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही.

विषय निवडताना रोजच्या कामाशी संबंध येणार नाही एवढं पाहा. एक्सेलचं पिव्होट टेबल येत नसेल तर थेट मशीन लर्निंग घ्या. पिव्होट टेबल काय, शेजारचा पोरगा करून देतोच.

वही मात्र नवी हवी. शनिवार मोडून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जा, दोनशे पानी आणा, पहिल्या पानावर दोन रंगांत 'मॉड्यूल 1' लिहून खाली पट्टीने रेघ मारा. दुसऱ्या पानापासून तिच्यात किराण्याची यादी येईल, ते सोडा. मग 'वेलकम टू द कोर्स' हा तीन मिनिटांचा व्हिडिओ बघा. इथे थांबलात तरी कमीपणा मानू नका. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर चालवलेल्या कोर्सेसची आकडेवारी 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आली होती. नाव नोंदवणाऱ्यांपैकी 52 टक्के लोक कोर्सच्या आत कधी शिरलेच नव्हते! म्हणजे नुसत्या वेलकमवर तुम्ही निम्म्या वर्गाच्या पुढे. 2017-18 मध्ये कोर्स पूर्ण केलेले होते 3.13 टक्के. प्रमाणपत्रासाठी पैसे मोजलेल्यांत मात्र 46 टक्क्यांनी तो पुरा केला, पण हा आकडा घरात कोणाला सांगू नये. 449 तुम्हीही मोजलेले असतात.

उरलेले व्हिडिओ कंपनीच्या बसमध्ये उरकावेत. हिंजवडी गाठेपर्यंत वेळच वेळ असतो. वेग दुप्पट ठेवा आणि डोळे मिटा. तुम्ही वाकडला घोरत असताना तिकडे टक्केवारी वाढत असते. शाळेत झोपून हजेरी लागण्याची ही सोय नव्हती.

काहींना सरकारी शिक्का आवडतो. त्यांनी एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमाकडे जावं. आयआयटीचे प्राध्यापक, शिकायला फुकट. फक्त परीक्षेला हजार रुपये भरायचे नाहीत. ते भरले की प्रकरण गंभीर होतं. भरलेच असतील तर नियम नीट वाचा, कारण अख्ख्या कोर्समध्ये मन लावून वाचला जाणारा मजकूर तेवढाच. बारा आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याला एक असाइनमेंट, त्यातल्या उत्तम आठ धरतात. चार सोडल्या तरी चालतात, हे कळलं की माणूस पहिल्या चार सोडतो. जुलैचं सत्र घेतलंत तर पुढे गौरी-गणपती, पितृपक्ष, नवरात्र असं सगळं रांगेत उभंच आहे. नड पडली तर यूट्यूबवर कोणीतरी पुण्यात्मा 'वीक 3, सर्व उत्तरं' टाकून बसलेला असतो, तोही 'स्वतः खात्री करून घ्या' असं बजावून.

पण असाइनमेंटचे 25 आणि परीक्षेचे 75 गुण, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. गावाबाहेरच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकाशी, एकोणीस वर्षांच्या मुलांच्या घोळक्यात, हॉल तिकीट आणि चाळिशीचा चष्मा घेऊन उभे राहा. "पालकांनी बाहेर थांबा," असं वॉचमन म्हणाला तर थांबायला हरकत नाही. बाहेर चहा बरा मिळतो.

आता तुमचं मन म्हणेल, माझ्यात चिकाटीच नाही. साफ खोटं. ऑफिसचं सायबर सुरक्षेचं ट्रेनिंग दरवर्षी कोण पुरं करतं? आवाज संपल्याशिवाय 'नेक्स्ट' दाबता येत नाही, म्हणून एकीकडे डबा खात दर दोन मिनिटांनी माऊस हलवणारे तुम्हीच ना? शेवटची चाचणी पास होईपर्यंत कितीही वेळा देता येते, आणि तुम्ही देता. कारण एचआरच्या तिसऱ्या ईमेलला सीसीमध्ये साहेब असतात. गुरुकुलात छडी होती, इथे सीसी आहे. मशीन लर्निंगच्या कोर्सला तेवढी एक सोय करून घ्या, आठवड्यात संपेल.

मात्र तेही करू नका, असाच माझा सल्ला. चुकूनमाकून 94 टक्क्यांपर्यंत पोचलात तर शेवटचं प्रोजेक्ट तसंच ठेवा. 'कोर्स चाललाय' एवढ्यावर मामेसासऱ्यांकडची पूजा टळते, सोसायटीची सभा टळते, लॅपटॉप उघडा दिसला की पुढ्यात आयता चहा येतो. प्रमाणपत्र मिळालं की रविवारी सकाळी तुम्ही मोकळे आहात हे घरभर कळतं, आणि माळा दिवाळीपासून आवरायचा राहिलाय.