जॉर्ज फर्नांडिस थेट लोकसभेत गेले नव्हते

‘टॅक्सीवाल्यांचा पुढारी 1967 साली एका झटक्यात रस्त्यावरून संसदेत पोहोचला,’ असा मजकूर सध्या मोबाइलवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

जॉर्ज 1949 मध्ये मंगळूरहून मुंबईत आले. गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांच्या हाताखाली ते तयार झाले. पुढे टॅक्सीचालक आणि पालिका कामगार यांच्या युनियन त्यांनी बांधल्या. आणि 1961 च्या निवडणुकीत ते मुंबई महानगरपालिकेवर निवडून आले. म्हणजे दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांना हरवण्याआधी सहा वर्षं ते नगरसेवक होते! ज्या पालिकेच्या दारात कामगारांसाठी घोषणा द्यायच्या, तिच्याच सभागृहात त्यांचे प्रश्न मांडायचे, हे काम त्यांनी केलं. ही वर्षं गाळली की तो विजय निव्वळ चमत्कार वाटू लागतो, आणि हे मला फार खटकतं. समोरचे पाटील तर केंद्रात रेल्वेमंत्री आणि मुंबईचे माजी महापौर होते.

काही जण जॉर्जनाही महापौर म्हणतात. ते महापौर कधीच नव्हते.