मालकाचा दुसरा धंदा

गोव्याहून फोन आला की राजकारणाचा विषय निघतोच. "तुमच्याकडे वार्ताहर राष्ट्राध्यक्षाला तोंडावर प्रश्न विचारतात. आपल्याकडे मंत्र्याच्या वाढदिवसाला पहिलं पान शुभेच्छांनी भरतं," हे डिचोलीच्या आमच्या भाऊजींचं ठरलेलं वाक्य. त्यांचा मुलगा लगेच दुसरं टोक गाठतो: "पप्पा, तिथंही सगळे विकले गेलेत." मी वॉशिंग्टनच्या शेजारी, व्हर्जिनियात राहतो. मला दोघांचंही पटत नाही.

तोंडावर प्रश्न विचारतात, खरं आहे. पण विचारायला आत कोण जाणार? राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात, ओव्हल ऑफिसात, मोजकेच वार्ताहर मावतात आणि ते बाकीच्यांसाठीही टिपणं काढतात. याला 'पूल' म्हणतात. त्यात कोण असावं हे वर्षानुवर्षं पत्रकारांची संघटना ठरवायची. ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या आखाताचं नाव बदललं, 'एपी' वृत्तसंस्थेनं जुनंच नाव चालू ठेवलं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तिच्या वार्ताहराला दार बंद झालं. त्याच महिन्यात व्हाइट हाउसनं पूलची निवडही स्वतःकडे घेतली. एप्रिलमध्ये एका न्यायाधीशानं, तोही ट्रम्प यांनीच नेमलेला, एपीच्या बाजूनं आदेश दिला. जूनमध्ये अपील न्यायालयानं त्यातल्या बऱ्याचशा भागाला स्थगिती दिली.

दार बंद झालं तर निदान कोर्टात जाता येतं. मालकच वाकला तर वार्ताहरानं जायचं कुठं? डिसेंबर 2024 मध्ये 'एबीसी' वाहिनीनं ट्रम्प यांच्या बदनामीच्या दाव्यात दीड कोटी डॉलर देऊन तडजोड केली. जुलै 2025 मध्ये 'सीबीएस' वाहिनीच्या मालक पॅरामाउंट कंपनीनं, कमला हॅरिस यांच्या मुलाखतीवरून ट्रम्प यांनी केलेला दावा 1 कोटी 60 लाख डॉलरांत मिटवला. तेव्हा पॅरामाउंटचं स्कायडान्स कंपनीबरोबरचं विलीनीकरण सरकारी मंजुरीसाठी अडकलं होतं. ती मंजुरी त्याच महिन्यात मिळाली. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही, असं कंपनी म्हणते. म्हणो बापडी.

हे गोंयकाराला नवीन वाटायचं कारण नाही. मुक्तीनंतर 'गोमन्तक' काढला चौगुल्यांनी, 'नवहिंद टाइम्स' आणि 'नवप्रभा' धेंप्यांनी. दोन्ही घराणी खाणींच्या धंद्यातली, आणि खाणीचं लीज सरकारच्या हातात. त्यांच्या संपादकांनी काय लिहिलं आणि काय नाही, हा वेगळा विषय, त्यात चांगली माणसंही होती. पण आमच्या गावात खनिजाच्या ट्रकांची धूळ दारातल्या तुळशीवर लाल थर धरायची आणि त्याची बातमी आली तर चौथ्या-पाचव्या पानावर, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. आता खाणींच्या जागी जमिनी, हॉटेलं आणि कॅसिनो आले, एवढाच फरक.

म्हणून भाच्याचं 'सगळे विकले' मला आळशी वाटतं. सगळेच विकले म्हटलं की कोण, कुणाला, कशापायी, हे शोधायची गरजच उरत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये पेंटागॉननं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं, वार्ताहरांपुढे नव्या अटींचा कागद ठेवला. बहुतेक सगळ्यांनी सही नाकारून आपापले प्रवेशाचे पास परत केले. त्यात ट्रम्पधार्जिणं म्हणून ओळखलं जाणारं 'फॉक्स न्यूज'सुद्धा होतं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं!

आपल्याकडे असा पास म्हणजे सरकारी जाहिरात. छोट्या दैनिकाचा महिना तिच्यावर निघतो. ती बंद करायला आदेश लागत नाही, पुढचं रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापायचं पत्र, आलं नाही की संपादकाला कळतं. भाऊजींना खरंच संताप आला असेल तर त्यांनी अमेरिकेचे गोडवे गाणं सोडून माहिती हक्काचा एक अर्ज माहिती आणि प्रसिद्धी खात्यात टाकावा: गेल्या पाच वर्षांत कुठल्या वर्तमानपत्राला किती रकमेच्या जाहिराती दिल्या, आणि कुठल्या निकषावर? उत्तर आलं की ते कोण छापतं, तेही बघू.