किनाऱ्यावरचे दिवे पिवळे हवेत

गावातल्या रस्त्यांवर एलईडी दिवे लावले की वीज वाचते, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पावसाळ्यात अंधारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरताना पायापाशी फुरसं, हा छोटा विषारी साप, असलं तर या दिव्यांमुळे आता दिसतं. आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, याचं मोल ती सांगतील.

पण समुद्रालगतच्या रस्त्याचा विचार वेगळा करायला हवा. आमच्या कोकणात वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बहुतेक रात्रीच वर येतात आणि जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात. एरवी तो उजेड समुद्रावरचा असतो. मागे पांढरा झगझगीत दिवा असला की ती उलटी रस्त्याकडे वळतात, आणि मग कुत्री, कावळे, ऊन. ४००० केल्विन (उजेडाचा रंग मोजायचं एकक; आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा) किंवा त्याहून पांढऱ्या दिव्यात निळा अंश जास्त असतो, कासवं त्यालाच भुलतात. इथे तांबूस-पिवळे, वरून आणि समुद्राच्या बाजूने झाकलेले दिवेच लावायला हवेत, कासवांच्या हंगामात तेही शक्य तितके बंद.

आणि खाऱ्या हवेचं काय? दिव्याची पेटी गंजते, आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारा भाग, जातो, दिवा महिनोन्महिने लुकलुकत राहतो. ग्रामपंचायतींनी खरेदीआधीच देखभालीचा करार लेखी मागून घ्यावा.