आकडे जास्त, म्हणून मीटर अचूक?

मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट, रोध मोजणारं यंत्र) घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: ‘डिस्प्लेवर जास्त आकडे दिसणारा मीटर घ्या, तोच जास्त अचूक. शेवटचा आकडा हलत नसेल तर रीडिंग पक्कं. तरी शंका आली तर दुसरा मीटर लावून बघा.’ यातला एकही भाग जसाच्या तसा खरा नाही.

‘जास्त आकडे, जास्त अचूकता.’ आकड्यांवरून कळतं ते रिझोल्यूशन, म्हणजे मीटर किती बारीक फरक दाखवू शकतो एवढंच. दाखवलेला आकडा खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे, ते माहितीपत्रकातली अचूकतेची ओळ सांगते. समजा तिथे ±(०.५% + ३) असं लिहिलंय. ०.५ टक्का रीडिंगचा, आणि ३ म्हणजे शेवटच्या स्थानावरचे तीन काउंट, म्हणजे शेवटच्या आकड्याच्या तीन पायऱ्या. ६००० काउंटचा, म्हणजे रेंजच्या अशा सुमारे ६००० पायऱ्या करणारा मीटर ६ व्होल्टच्या रेंजवर (त्या सेटिंगला जास्तीत जास्त ६ व्होल्ट मोजता येतात) एका सेलला १.५०० व्होल्ट दाखवतोय. टक्क्याचे ७.५ मिलिव्होल्ट, काउंटचे ३, मिळून १०.५. म्हणजे खरं व्होल्टेज १.४८९५ ते १.५१०५ यांत कुठेही असू शकतं. तिसरा दशांश दिसतो खरा, पण भरवसा दुसऱ्याचाही पुरता नाही.

आता तोच सेल ६०० व्होल्टच्या रेंजवर मोजा. इथे एक काउंट ०.१ व्होल्टचा, तीन काउंट ०.३ व्होल्टचे. दीड व्होल्टात २० टक्के चूक, तीही मीटर पूर्ण निर्दोष असताना! लोक टक्का वाचतात आणि काउंट सोडून देतात, तिथेच घात होतो. म्हणून रीडिंग मावेल अशी सगळ्यात लहान रेंज निवडायची. काट्याच्या मीटरमध्ये तर टक्का बहुधा पूर्ण स्केलचा असतो: १०० व्होल्टच्या स्केलवर १.५ टक्का म्हणजे सगळीकडे १.५ व्होल्ट, मग १० व्होल्ट मोजताना ती चूक १५ टक्क्यांवर जाते.

‘आकडा हलत नाही, म्हणजे पक्का.’ स्थिर रीडिंग चुकीचंही असू शकतं. प्रोबच्या (मोजताना टेकवायच्या टोकांच्या) वायरींचा रोध ०.३ ओहम असेल, तर ०.५ ओहमचा रेझिस्टर दहाही वेळा ०.८ दाखवेल. आधी दोन्ही प्रोबची टोकं घट्ट जुळवा, येणारा आकडा वजा करा.

‘दोन मीटर जुळले, म्हणजे झालं.’ १० व्होल्टवर १ मेगओहमचे दोन रेझिस्टर एकामागोमाग जोडा. मधल्या बिंदूवर ५ व्होल्ट हवेत. १० मेगओहम इनपुटचा (स्वतःचा अंतर्गत रोध तेवढा असलेला) मीटर तिथे ४.७६ दाखवतो, कारण तो स्वतःच खालच्या रेझिस्टरला समांतर बसतो. तसाच दुसरा मीटर लावा, तोही ४.७६. दोन्ही एकदम लावले तर ४.५५! एसीतही हेच: ट्रू आरएमएस (लहरीचा आकार कसाही असो, तिची खरी परिणामी किंमत मोजणारे) नसलेले, सरासरीवर चालणारे दोन मीटर चौकोनी लहरीला सुमारे ११ टक्के जास्त दाखवतील, आणि एकमेकांशी छान जुळतील.

‘०.५ टक्का म्हणजे कायम ०.५ टक्का.’ तो बहुतेकदा २३ ± ५ अंश सेल्सियसला आणि कॅलिब्रेशननंतरच्या (प्रमाण साधनाशी ताडून घेतल्यानंतरच्या) वर्षभरापुरता असतो. त्याबाहेर दर अंशाला अचूकतेच्या ०.१ पट भर घाला, अशी अट अनेक माहितीपत्रकांत असते. ४० अंशांच्या पॅनलजवळ २८ च्या वरचे १२ अंश, म्हणजे आणखी १.२ पट. वरचे १०.५ मिलिव्होल्ट तिथे २३.१ होतात, आणि डिस्प्लेवर मात्र तेच चार आकडे दिसत राहतात.