कॉस्मिक हॉररमध्ये पृथ्वीला एवढा मान कशाला?

कॉस्मिक हॉरर या भयकथांच्या प्रकाराबद्दल बोलणं निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: या अफाट विश्वात पृथ्वी म्हणजे धुळीचा कण, माणूस त्याहून क्षुद्र, आणि ही जाणीव हीच खरी भीती. तत्त्व म्हणून मला ते पूर्ण मान्य आहे. पण या प्रकाराचा जनक मानला जाणारा अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट, त्याच्या कथा सलग वाचल्या तर या धुळीच्या कणावर केवढी वर्दळ दिसते!

'द कॉल ऑफ कथुलू'मध्ये ताऱ्यांवरून आलेला कथुलू हा महाकाय जीव पॅसिफिकच्या तळाशी, एका बुडालेल्या शहरात निजलेला. 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस'मध्ये अंटार्क्टिकाच्या पर्वतांपलीकडे माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधी वसलेलं नगर. 'द शॅडो आउट ऑफ टाइम'मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाखाली आणखी एका वंशाचा ग्रंथसंग्रह. ज्या ग्रहाला काडीची किंमत नाही, तिथे हे सगळे मुक्कामाला का येतात?

मला वाटतं, पृथ्वीचं महत्त्व जेवढं वाढतं, तेवढी ही भीती पातळ होते. कथुलू जागा झाला की जग बुडणार, म्हणजे विश्वातल्या एका प्रचंड घटनेची जागा आपलंच घर. चाहत्यांना आणखी एक गोष्ट फार आवडते. कथेत त्या बुडालेल्या शहराचे अक्षांश-रेखांश दिलेत, ४७ अंश ९ मिनिटं दक्षिण, १२६ अंश ४३ मिनिटं पश्चिम. पॉइंट निमो, म्हणजे जमिनीपासून सर्वांत दूरचा समुद्रातला बिंदू, १९९२ साली गणिताने निश्चित झाला आणि तो त्याच भागात निघाला. योगायोग सुंदर आहे, पण या आनंदात आपण पुन्हा पृथ्वीला मध्यभागी नेऊन ठेवतो. (त्या कथेतले कथुलूचे भक्त ज्या तिरस्काराने रंगवलेत, तो लव्हक्राफ्टचा वंशद्वेष आहे. त्याला भीतीचं तत्त्वज्ञान म्हणायला मी तयार नाही.)

'द व्हिस्परर इन डार्कनेस' मला जास्त पटते. लव्हक्राफ्ट ती कथा लिहीत होता त्याच १९३० साली प्लूटोच्या शोधाची बातमी आली आणि त्याने तो ग्रह लगेच कथेत घेतला. तिथून येणारे जीव व्हरमाँटच्या टेकड्यांत कशासाठी येतात? खनिजासाठी. पृथ्वी ही त्यांची खाण. खाणीच्या मालकाला वरच्या गवतातल्या किड्यांशी वैर नसतं. 'माउंटन्स'मध्येही सर्वांत घाबरवणारी गोष्ट ते नगर नाही, तर इथली जीवसृष्टी त्या प्राचीन जीवांच्या हातून जाता जाता झालेली, कदाचित थट्टेत किंवा चुकून, ही शक्यता.

पण खरी कथा 'द कलर आउट ऑफ स्पेस', 'अमेझिंग स्टोरीज'मध्ये सप्टेंबर १९२७ला आलेली. मॅसॅच्युसेट्समधल्या गार्डनर कुटुंबाच्या शेतात विहिरीजवळ उल्का पडते. प्राध्यापक तुकडा नेतात. तो थंड होत नाही, आक्रसत जातो, वर्णपटात कुठल्याच ओळखीच्या रंगात बसत नाही. त्या हंगामात फळं टपोरी धरतात आणि तोंडात घालवत नाहीत इतकी कडू निघतात. मग झाडं वारा नसताना हलतात, गुरं राखाडी पडून झडतात, माणसं एकेक करून वेडी होतात. शेवटी तो रंग आकाशात निघून जातो. शाप नाही, पंथ नाही, भाकीत नाही. वाटेत ढाबा लागला म्हणून कुणी जेवून पुढे जावं, तसं. गार्डनर कुटुंबाने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, आणि त्या रंगाला ते कुटुंब आहे हे कळलं होतं असंही कुठे दिसत नाही. किशोरवयापासून वृत्तपत्रांत खगोलशास्त्रावर लिहिणाऱ्या माणसालाच हे साधलं. स्वतः लव्हक्राफ्टलाही आपल्या कथांत ही सर्वांत आवडायची.

मराठीत अशा बाहेरून येणाऱ्या अमानवी शक्तींची ओळख माझ्यासारख्या अनेकांना भयकथाकार नारायण धारपांनी करून दिली. पण त्यांच्या समर्थ-कथांत, म्हणजे 'समर्थ' या नायकाच्या कथांत, अशा शक्तींसमोर शेवटी उभं राहणारं कुणीतरी असतं. तो दिलासा मला प्रिय आहे, फक्त ती वेगळी जात आहे. तिथे माणसाचा आत्मा जिंकण्याजोगा असतो, म्हणून तर कुणी त्यावर चालून येतं.

म्हणून नव्याने वाचणाऱ्यांना माझा आग्रह: कथुलूपासून सुरुवात करू नका. आधी 'कलर' वाचा, मग 'व्हिस्परर', मग 'माउंटन्स'. कथुलू शेवटी. आणि मराठीत कुणी या जातीचं लिहीत असेल, तर आपल्या गावाखाली देव निजवू नका. गावावरून काहीतरी नुसतं जाऊ द्या.