हातावरच्या ठळक शिरा आणि हृदयातील अडथळा: एका संदेशाचा प्रतिवाद

हातावरच्या शिरा ठळक दिसू लागल्या म्हणजे रक्त घट्ट झाले, त्या निळ्या दिसतात म्हणजे रक्तातील प्राणवायू संपला, हृदयात अडथळा सुरू झाला आणि त्यावर रोज लसणाचा काढा घ्यावा, असा संदेश व्हॉट्सॲपवर वारंवार पुढे पाठवला जातो. यातील एकही विधान टिकत नाही.

शिरेतील रक्त निळे नसून गडद लाल असते, हे तपासणीसाठी रक्त काढताना प्रत्येकाला दिसते. विश्रांतीच्या वेळी हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातही सुमारे ७० ते ७५ टक्के हिमोग्लोबिन प्राणवायूयुक्तच असते. निळसर छटा केवळ त्वचेतून प्रकाश कसा शोषला आणि परावर्तित होतो यामुळे भासते.

शिरा फुगण्याचा संबंध रक्ताच्या घट्टपणाशी जोडणे त्याहून चुकीचे आहे. उन्हात किंवा श्रमानंतर उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडे जाणारे रक्त वाढते आणि शिरा रुंदावतात. वयानुसार त्वचा व तिच्याखालची चरबी पातळ होते, म्हणून वृद्धांच्या आणि कष्टकऱ्यांच्या सडपातळ हातांवर त्या उठून दिसतात. हात खाली सोडला की शिरा भरतात आणि हृदयाच्या पातळीच्या वर उचलला की बहुधा सपाट होतात, हे कोणीही घरी पाहू शकते. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये दंडाला पट्टी बांधून फुगलेल्या याच शिरांवर बोट दाबले आणि त्यांतील झडपा रक्ताला हृदयाच्याच दिशेने जाऊ देतात, हे दाखवले. रक्त खरोखर घट्ट आहे का, हे रक्ततपासणीतूनच कळते.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आत चरबीचे थर साचून अडथळा होतो तेव्हा त्याची खूण हातावर उमटत नाही. मात्र हात उंच धरूनही शिरा फुगलेल्या राहत असतील आणि सोबत दम लागणे किंवा पायांवर सूज असेल, तर डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे. एकच हात अचानक सुजला, दुखू लागला किंवा निळा पडला, तर लगेच जावे, कारण ती खोल शिरेतील रक्ताची गुठळी असू शकते.

काढ्याचा सल्ला मला सर्वांत गंभीर वाटतो. वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या व्यक्तीने त्यासोबत लसणाचा अर्क मोठ्या प्रमाणात घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि असा संदेश पाठवणाऱ्याला समोरच्याची औषधे माहीत नसतात.