सिग्नलवरचा कॅमेरा कोणाच्या खात्यातून पैसे कापत नाही

परवा सकाळी मामाचा फोन आला. आवाज अगदी खाली गेलेला. “अरे, त्या चलानच्या मेसेजमध्ये एक फाइल होती, ती मी उघडली.” पुढचा तासभर बँकेची हेल्पलाइन आणि १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा सरकारी नंबर, यांच्यात गेला. तोवर अठरा हजार रुपये खात्यातून गेले होते.

मामा भोळा नाही. चाळीस वर्षं हिशेबाचं काम केलेला माणूस आहे. पण आठवडाभर आधी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन गेला होता, तोच जो एव्हाना पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरलाय. त्यात म्हटलंय: पुणे-पिंपरीतले नवे एआय सिग्नल वाहतुकीसाठी नसून वसुलीसाठी आहेत, दंड झाला की २४ तासांत फास्टॅगमधून किंवा बँकेतून आपोआप पैसे कापले जातात, कॅमेरे मुद्दाम लपवतात, दंड मिळावा म्हणून सिग्नल लाल धरून ठेवतात, पोलीस हाताने वाहतूक सोडतो तेव्हाच कोंडी फुटते, म्हणून सिग्नल बंद करा. हे वाचून मामा घाबरला होता. त्यामुळे “तुमच्या वाहनावर दंड आहे, पुरावा सोबत जोडला आहे” असा मेसेज आला तेव्हा पैसे कापले जायच्या आत बघून घेऊ म्हणून त्याने ती फाइल उघडली.

म्हणून सुरुवात आपोआप पैसे कापण्यापासूनच करतो. मामाकडे स्कूटर आहे. दुचाकीला टोल नाही, फास्टॅगही नाही. मग कापणार कशातून? फास्टॅग म्हणजे चारचाकीच्या काचेवरचा स्टिकर, टोलनाक्यावरचा अँटेना तो वाचतो. सिग्नलवरचा कॅमेरा वाचतो ती नंबरप्लेट, आणि नंबरप्लेटमध्ये कोणाचं बँक खातं नसतं. दंडाची आधी नोटीस येते. तो मान्य असेल तर आपण भरतो, नसेल तर तक्रार करतो किंवा कोर्टात जातो.

मामाच्या फोनवर काय घडलं ते मी नंतर त्याच्या शेजारी बसून पाहिलं. मेसेजसोबतच्या फाइलच्या नावात ‘आरटीओ चलान’ होतं आणि शेवटी ‘एपीके’. म्हणजे तो फोटोही नव्हता आणि पावतीही नव्हती, ते एक अ‍ॅप होतं. इन्स्टॉल करू का, फोनने विचारलं; मामाने हो म्हटलं. मेसेज वाचायची परवानगी देऊ का, विचारलं, तिथेही हो. त्यानंतर बँकेचे ओटीपी मामाच्या आधी दुसऱ्याच कोणीतरी वाचत होतं. खरं ई-चलान कधीही अ‍ॅपची फाइल जोडून येत नाही. शंका आली तर मेसेजमधल्या लिंकला हात न लावता परिवहन खात्याची किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांची साइट स्वतः उघडायची, पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे ना ते बघायचं आणि गाडीचा नंबर टाकायचा. आम्ही टाकला. मामाच्या स्कूटरवर एक रुपयाचाही दंड नव्हता.

आता लपवलेले कॅमेरे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला, तो एकदा वाचावा. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक लावायचा, यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करून घ्यायचं. चलानवर गुन्ह्याचा आणि नंबरप्लेटचा स्पष्ट फोटो, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कलम हवं. हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात फलक सगळीकडे दिसत नाहीत, हे मलाही मान्य करावं लागतं. दुसऱ्याच्या गाडीचं चलान आपल्या नावावर आल्याच्या तक्रारीही खऱ्या आहेत. पण तशा वेळी भांडायला हाच नियम हातात आहे, आणि फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

सिग्नल मुद्दाम लाल धरतात म्हणे. सगळ्या बाजूंना दोन-तीन सेकंद लाल असतं ते चौकात अडकलेली गाडी आणि चालणारा माणूस बाहेर पडावा म्हणून. यावर आणखी लिहायची गरज नाही.

पोलिसाच्या हाताचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. एका चौकापुरता अनुभवी हवालदार कुठल्याही ठरावीक टायमरपेक्षा सरस असतो, कारण त्याला रांग दिसते. त्याला पुढचा चौक दिसत नाही, अडचण तिथे आहे. दोन चौकांत ५०० मीटर अंतर असेल आणि गाड्या ताशी ३० किलोमीटरने जात असतील, तर त्या बरोबर ६० सेकंदांनी पुढे पोचतात. पुढचा सिग्नल तेव्हा हिरवा हवा. मागच्या चौकात हाताने सलग दोन-तीन मिनिटं गाड्या सोडल्या की त्या पुढच्या लालवर साठतात आणि शेपूट मागच्या चौकात येऊन अडकतं. म्हणून चौक एकमेकांशी जोडून, गाड्या मोजून वेळ बदलणारे सिग्नल लागतात. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ते १९७० च्या दशकापासून तयार होत आले. लेन न पाळणाऱ्या आपल्या मिश्र वाहतुकीसाठी सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने स्वतःची प्रणाली बनवली, बेंगळुरूत ती चालते.

वसुलीचा आरोप करणाऱ्यांनी खरा प्रश्न विचारायचा तर पुणे आणि पिंपरी-चिंचवड जोडणाऱ्या हॅरिस पुलावर उभं राहून विचारावा. बोपोडीहून दापोडीत गेलं की महापालिका बदलते आणि २०१८ पासून पोलीस आयुक्तालयही बदलतं. मधे खडकी कॅन्टोन्मेंट आहे, बायपास राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, एक्स्प्रेसवे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे (एमएसआरडीसी). निगडीहून शिवाजीनगरला कामावर जाणाऱ्याचा रस्ता मात्र एकच असतो. बससेवा २००७ साली एक झाली, पीएमपीएमएल दोन्ही शहरांत धावते. मग सिग्नलचं वेळापत्रकही पुलाच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच हवं, बसला त्यात प्राधान्य हवं, आणि ते कोण चालवतं हे नाव घेऊन सांगता यायला हवं. ‘सिग्नल बंद करा’ म्हणून यातलं काहीच मिळणार नाही.

तो फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर अजून तसाच आहे. ज्याने टाकला त्याने तो काढावा आणि त्याच जागी १९३० हा नंबर लिहावा. पैसे गेल्याबरोबर तिथे फोन करायचा असतो, हे मामाला त्या सकाळी माहीत नव्हतं.